कोठावळा एकच असावा

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण बहुधा राज्यकारभारासंबंधी किंवा घरातील कर्तेपणासंबंधी वापरली जाते. परंतु संगणकाच्या पेटीत, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांच्या मध्ये बसणाऱ्या तळहाताएवढ्या एका कार्डाच्या बाबतीतही ती तंतोतंत लागू पडते. त्या कार्डाला नियंत्रक कार्ड म्हणतात. ते कसे निवडावे, आणि निवडल्यावर त्याची मांडणी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ हौशी तंत्रज्ञांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा पणजी यांसारख्या शहरातील एखाद्या जुन्या मराठी वाचनालयाची कल्पना करावी. शंभर वर्षांपूर्वीच्या मासिकांचे अंक, संस्थेची इतिवृत्ते, कोणी प्रेमाने दिलेली हस्तलिखिते असा ठेवा कपाटात आहे, आणि कागद असा झाला आहे की पान उलटताना त्याचा तुकडा हातात येतो. चालकांनी वर्गणी जमवून एकेक पान स्कॅन करून घेतले. आता तो सारा संग्रह आठ हार्ड डिस्कवर आहे. आणखी काही वर्षांनी मूळ कागद नाहीसा होईल आणि डिस्कवरील प्रत हीच मूळ प्रत ठरेल. अशा वेळी तिची राखण कोण करतो, आणि ती राखण खरी आहे की नावापुरती, हा प्रश्न त्या वाचनालयाच्या अस्तित्वाचाच होऊन बसतो.

हार्ड डिस्क हे यंत्र आहे आणि यंत्र केव्हा तरी बंद पडणारच. आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या चुंबकीय डिस्क-यंत्रात दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर जेमतेम पन्नास लक्ष अक्षरे मावत. आजची डिस्क खिशात मावते आणि तिच्यावर लक्षावधी ग्रंथ बसतात. परंतु फिरती तबकडी, तिच्यावर तरंगणारे वाचक-टोक आणि त्या टोकाची झीज यांतून तिचीही सुटका झालेली नाही. म्हणून एका डिस्कच्या भरवशावर न राहता अनेक डिस्कांचा गट करावा आणि त्यातील एखादी गेली तरी माहिती वाचावी, अशी युक्ती निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली आपल्या निबंधात या युक्तीची पद्धतशीर मांडणी केली आणि तिला ‘रेड’ हे नाव दिले.

या युक्तीचे मर्म किराणा दुकानदाराच्या वहीवरून समजेल. तीन वह्यांत तीन रकमा लिहिल्या आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज लिहिली. तिघींपैकी कोणतीही एक वही हरवली, तरी बेरजेतून उरलेल्या दोन रकमा वजा केल्या की हरवलेली रक्कम मिळते. डिस्कांच्या गटात हेच घडते. फक्त बेरजेऐवजी तिच्याच जातीची एक सोपी गणिती क्रिया वापरली जाते. सुरुवातीच्या काळात संगणकाचा मुख्य प्रोसेसर मंद होता, स्मृती महाग होती. म्हणून हे बेरजेचे काम एका स्वतंत्र कार्डाकडे सोपविण्यात आले. त्या कार्डावर स्वतःचा लहान प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि वीज गेल्यास ती स्मृती जिवंत ठेवण्यासाठी बॅटरी असे. आठ डिस्क त्या कार्डाच्या मागे जोडायच्या. कार्डाने त्यांची एक मोठी काल्पनिक डिस्क बनवून संगणकाला दाखवायची. यालाच हार्डवेअर रेड म्हणतात. ही व्यवस्था वाईट नव्हती. अनेक कचेऱ्यांचे व्यवहार तिच्यावर वर्षानुवर्षे सुरळीत चालले, आणि ज्या ऑपरेटिंग सिस्टीमपाशी डिस्कांचा गट सांभाळण्याची स्वतःची सोय नाही, तेथे ती आजही योग्य आहे.

तथापि वहीच्या दृष्टान्तातच एक उणीव दडलेली आहे. एखादी वही हरवली, तर ती हरवल्याचे दिसते. पण चारही वह्या जागेवर आहेत आणि त्यांपैकी एकीतील एक आकडा गुपचूप बदलला आहे, असे झाले तर? बेरीज जुळत नाही एवढे कळेल. परंतु चूक पहिल्या वहीत आहे, तिसऱ्या वहीत आहे की खुद्द बेरजेतच आहे, हे सांगण्यास काहीच साधन नाही. शिवाय रोजच्या वाचनाच्या वेळी बहुतेक कार्डे बेरीज करून पाहतच नाहीत. डिस्कने जे दिले ते खरे मानून पुढे धाडतात.

डिस्क असे गुपचूप खोटे बोलते काय? बोलते. विस्कॉन्सिन विद्यापीठ, टोरांटो विद्यापीठ आणि नेटअ‍ॅप ही कंपनी यांच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंधरा लक्षांहून अधिक डिस्कांची ४१ महिन्यांची नोंद तपासली होती. त्या काळात मजकूर आणि त्याचा पडताळा-अंक यांचा मेळ न बसल्याची चार लक्षांहून अधिक प्रकरणे त्यांना आढळली. डिस्क बंद पडलेली नाही, तिने तक्रार केलेली नाही, पण दिलेला मजकूर लिहिलेला मजकूर नव्हे, असा हा प्रकार होय. वाचनालयाच्या संग्रहात असे घडले, तर एखाद्या पानाचा अर्धा भाग करडा होऊन जाईल, आणि तो कोणी उघडून पाहीपर्यंत कोणालाही पत्ता लागणार नाही.

या दोषावर उपाय करणारी फाइल-व्यवस्था सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ पासून घडविली. तिचे नाव झेडएफएस. २००५ साली तिची संहिता सर्वांसाठी खुली झाली आणि आज तिची खुली शाखा लिनक्स व फ्रीबीएसडी या दोन्ही ठिकाणी वापरात आहे. झेडएफएस मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा एक पडताळा-अंक काढते आणि तो त्या तुकड्यापाशी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखविणाऱ्या वरच्या नोंदीत ठेवते. जणू पोत्यातील धान्याचे वजन पोत्यावर न लिहिता कोठावळ्याच्या वहीत लिहिले. पोते वाचताना वजन जुळले नाही, तर नेमके कोणते पोते बिघडले हे तत्काळ कळते; मग दुसऱ्या डिस्कवरील प्रत किंवा बेरजेचे गणित वापरून खरा मजकूर काढला जातो, तोच मागणाऱ्याला दिला जातो आणि बिघडलेला तुकडाही दुरुस्त करून ठेवला जातो. जुन्या मजकुरावर नवा मजकूर ती कधीच गिरवीत नाही; नवा मजकूर नव्या जागी लिहून झाल्यावरच नोंद बदलते. त्यामुळे लिहिण्याच्या मध्येच वीज गेली आणि रक्कम बदलली पण बेरीज जुनीच राहिली, हा हार्डवेअर रेडचा प्रसिद्ध धोका येथे मुळातच उद्भवत नाही.

आता दोन तलवारींचा प्रसंग येतो. झेडएफएससारखी व्यवस्था घेतली आणि खाली हार्डवेअर रेडचे कार्डही ठेवले, तर काय होईल? कार्ड आठ डिस्कांची एक डिस्क करून दाखवील. झेडएफएस मजकूर मागेल. कार्ड आठांपैकी कोणाकडून तरी तो आणून देईल. तो बिघडलेला असेल, तर झेडएफएस तो दोष अचूक ओळखेल. पण ‘दुसरी प्रत दाखव’ असे म्हणण्यास तिच्यापुढे दुसरी डिस्कच नाही. खरी प्रत कार्डाच्या मागे सुखरूप असूनही ती मागण्याचा अधिकार तिला नाही. आणि ज्या कार्डाला तो अधिकार आहे, त्याला चूक झाली आहे हेच ठाऊक नाही. एकाला ज्ञान आहे पण हात नाहीत, दुसऱ्याला हात आहेत पण ज्ञान नाही. याच कारणासाठी अशा व्यवस्थेखाली निव्वळ निरोप्याचे काम करणारे कार्ड हवे. मागितले ते डिस्ककडून आणावे, दिले ते डिस्ककडे न्यावे, आणि डिस्क काय म्हणते ते एक शब्दही न बदलता सांगावे. अशा कार्डाला होस्ट बस अ‍ॅडॅप्टर, संक्षेपाने एचबीए, म्हणतात.

काही जण यावर तडजोड सुचवितात. हाताशी रेडचे कार्ड आहेच, तर प्रत्येक डिस्कचा एक-एकटीचा गट करावा, म्हणजे आठ डिस्क आठच दिसतील. दिसतील हे खरे. पण बुरख्याआडून दिसतील. कार्ड प्रत्येक डिस्कवर आपली खूण लिहून ठेवते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती सरळ वाचता येत नाही. मजकूर तबकडीवर पोचला, असे कार्ड सांगते तेव्हा तो कदाचित कार्डाच्या स्मृतीतच असतो. डिस्क बदलायची तर आधी कार्डाच्या मेनूत जाऊन नवा गट करावा लागतो. आणि कार्डच जळाले, तर त्याच घराण्यातील दुसरे कार्ड शोधत फिरण्याची पाळी येते. याउलट एचबीए जळाले, तर डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही निर्मळ कार्डाला, अथवा मदरबोर्डालाच, कोणत्याही क्रमाने जोडाव्यात. झेडएफएस आपला गट ओळखून घेते. अलीकडच्या कित्येक रेड कार्डांत एचबीए म्हणून चालण्याचा पर्याय दिलेला असतो. तो वापरण्यास हरकत नाही. मात्र तो लावल्यावर डिस्कचा खरा अनुक्रमांक आणि तिची स्मार्ट नोंद ऑपरेटिंग सिस्टीमला थेट दिसते की नाही, हे पाहूनच त्यावर विसंबावे.

निवडीचा पहिला नियम असा की, कार्ड मुळात हवे आहे काय ते पाहावे. मदरबोर्डावर सहा सॅटा जोडण्या असतील आणि डिस्क चारच असतील, तर कार्डाची गरजच नाही. फक्त बायॉसमध्ये त्या जोडण्या ‘रेड’वर न ठेवता ‘एएचसीआय’वर ठेवाव्यात. मदरबोर्डाचे हे रेड बहुधा नाममात्र असते. काम मुख्य प्रोसेसरच करतो, आणि बांधले जाणे मात्र त्या मदरबोर्डाशी होते.

एकदोन डिस्क अधिक असतील, तर साधी सॅटा कार्डे मिळतात. एएसएम ११६६ या चिपच्या कार्डाला सहा आणि जेएमबी ५८५ या चिपच्या कार्डाला पाच डिस्क जोडता येतात. मात्र एकाच कार्डावर दहा-वीस जोडण्या स्वस्तात देणाऱ्या कार्डांपासून दूर राहावे. त्यांवर बहुधा पोर्ट मल्टिप्लायर नावाची फाटे फोडणारी चिप असते. एका वाटेवर अनेक डिस्क बसतात आणि एकीने अडवणूक केली की शेजारणींचीही वाट बंद होते. पाच डिस्क एकदम नाहीशा झाल्यावर कोणतीही बेरीज उपयोगी पडत नाही.

वाचनालयाच्या आठ डिस्कांसाठी मात्र खरे एचबीए घ्यावे. या क्षेत्रात एलएसआय या कंपनीच्या चिप सर्वाधिक प्रचारात आहेत. ही कंपनी २०१४ साली अव्हागोकडे गेली, आणि अव्हागोनेच २०१६ साली ब्रॉडकॉम विकत घेऊन ते नाव धारण केले. म्हणून एकाच कार्डावर तीन नावे आढळली तर गोंधळून जाऊ नये. चिपची पिढी पाहणे महत्त्वाचे. एसएएस १०६८ई ही जुनी चिप दोन टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क पूर्णपणे ओळखत नाही. ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. तिच्यानंतरची एसएएस २००८ ही चिप ९२११-८आय या कार्डावर असते. प्रत्येक डिस्कला सेकंदास ६ गिगाबिट वेग मिळतो. एसएएस ३००८ ही त्यापुढची चिप ९३००-८आय या कार्डावर असते आणि तिचा वेग १२ गिगाबिट आहे. नावाच्या शेवटी ‘८आय’ असले, तर पेटीच्या आत आठ डिस्क जोडता येतात. ‘ई’ असले, तर जोडण्या पेटीबाहेरच्या डिस्कांसाठी आहेत. ही सर्व कार्डे एसएएस आणि सॅटा या दोन्ही जातींच्या डिस्क चालवितात. उलट सॅटा कार्डावर एसएएस डिस्क मात्र चालत नाही.

वेगाचा हिशेब साधा आहे. ९२११-८आय हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या आठ मार्गिका वापरते. प्रत्येक मार्गिकेवरून सेकंदास सुमारे ५०० मेगाबाइट, म्हणजे एकूण सुमारे ४,००० मेगाबाइट जातात. फिरत्या तबकडीची चांगली डिस्क सेकंदास २५० मेगाबाइटच्या आसपास देते. आठ मिळून २,००० झाले. तेव्हा अशा डिस्कांसाठी जुने कार्डही दुप्पट रुंद रस्ता आहे, आणि १२ गिगाबिटच्या मोहाने अधिक पैसे घालण्याचे कारण नाही. नुसत्या एसएसडी जोडायच्या असतील, तर हिशेब बदलतो आणि नव्या पिढीचे कार्ड सार्थ ठरते. मात्र कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसवायचे, तो दिसायला लांब असला तरी आत किती मार्गिका जोडलेल्या आहेत, हे मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे. दुसऱ्या पिढीच्या एकाच मार्गिकेवर आठ डिस्क बसविल्या, तर सर्वांना मिळून ५०० मेगाबाइटच वाटून घ्यावे लागतील.

नवे कार्ड महाग असते. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेली जुनी कार्डे पुष्कळ जण घेतात. आयबीएमच्या नावाचे एम १०१५ आणि डेलच्या नावाचे एच ३१० ही एसएएस २००८ चिपचीच कार्डे होत, आणि त्यांना मूळ ९२११-८आय कार्डाचे फर्मवेअर देता येते. नकली कार्डेही बाजारात आहेत. म्हणून विक्रेता परतीची हमी देत असेल, तरच व्यवहार करावा. तसेच काही व्यावसायिक ऑपरेटिंग सिस्टीमांच्या नव्या आवृत्त्यांनी जुन्या चिपचा आधार काढून घेतला आहे. जी सिस्टीम वापरायची, तिच्या यादीत आपली चिप आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच तपासावे.

कार्ड हाती आले की मांडणीला आरंभ होतो. येथे एक इशारा सर्वांत आधी दिला पाहिजे. जुन्या डिस्क रेड कार्डाखाली चालत असतील, तर त्यांवरील सर्व माहितीची प्रत दुसरीकडे घेऊन, ती उघडून पाहूनच कार्ड बदलावे. कार्ड बदलले की जुना गट बहुधा वाचता येत नाही. डिस्क नव्या व्यवस्थेत कोऱ्या करूनच घ्याव्या लागतात.

या कार्डांच्या फर्मवेअरला दोन रूपे असतात. ‘आयआर’ म्हणजे इंटिग्रेटेड रेड. ‘आयटी’ म्हणजे इनिशिएटर-टार्गेट. आपल्याला हवा तो निरोप्या म्हणजे आयटी. एसएएस २००८ साठी २०.००.०७.०० ही या मालिकेतील शेवटची, स्थिरावलेली आवृत्ती आहे. फर्मवेअर बदलण्यापूर्वी कार्डाच्या चिकटपट्टीवरील एसएएस पत्ता कागदावर उतरून घ्यावा. जुने फर्मवेअर पुसले की तो पत्ताही पुसला जाण्याचा संभव असतो आणि मग हाताने लिहावा लागतो. पुसणे आणि नवे लिहिणे या दोन पायऱ्यांच्या मध्ये संगणक बंद होता कामा नये. तो झाला, तर कार्ड निरुपयोगी होऊ शकते. म्हणून यूपीएस लावून, घाई न करता हे काम करावे. या कार्डावरील डिस्कवरून संगणक सुरू करायचा नसेल, तर सुरुवातीचा बूट-रॉम लिहिला नाही तरी चालते. त्यामुळे संगणकही लवकर सुरू होतो. एच ३१० बसविल्यावर काही घरगुती मदरबोर्ड सुरूच होत नाहीत. अशा वेळी कार्डाच्या बी बाजूच्या पाचव्या व सहाव्या पिनांवर उष्णता सोसणारी बारीक चिकटपट्टी लावणे हा माहितगारांत रूढ झालेला उपाय आहे.

केबलच्या बाबतीत फसगत पुष्कळ होते. ९२११-८आय कार्डावर दोन रुंद जोडण्या असतात आणि प्रत्येकीतून चार सॅटा शेपट्या निघतात. कार्डाकडून डिस्कांकडे जाणारी केबल आणि मदरबोर्डाकडून डिस्कांच्या चौकटीकडे जाणारी उलट केबल या दोन्ही दिसायला सारख्याच. पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. येथे कार्डाकडून डिस्कांकडे जाणारी, म्हणजे फॉरवर्ड ब्रेकआउट नावाने विकली जाणारी केबल मागावी. सॅटा डिस्कपर्यंत केबलची लांबी एक मीटरच्या आत असावी. मोठ्या साठवण-यंत्रांतून निघालेल्या काही एसएएस डिस्कांचे कप्पे ५१२ बाइटऐवजी ५२० बाइटचे असतात; त्या ओळखल्या जातात, पण वापरता येत नाहीत. एसजी-फॉरमॅट या आज्ञेने त्या पुन्हा आखून घ्याव्या लागतात, आणि त्यास कित्येक तास लागतात.

उष्णतेकडे तर बहुतेकांचे दुर्लक्षच होते. ही कार्डे सर्व्हरच्या पेटीसाठी बनविलेली आहेत, जेथे पंख्यांचा वारा समोरून मागे सतत वाहत असतो. घरगुती पेटीत तो वारा नसतो; हीटसिंक हात लावू देत नाही इतका तापतो, आणि मग अधूनमधून डिस्क गळू लागतात. दोष डिस्कचा समजून माणूस डिस्क बदलत बसतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या गावांत तर कार्डाच्या अंगावर एक लहान पंखा बसविणे हा चैनीचा नव्हे, गरजेचा भाग समजावा.

संगणकाच्या आत काल्पनिक संगणक चालवून त्यात झेडएफएस ठेवायची असेल, तर एकेक डिस्क न देता सबंध कार्डच त्या काल्पनिक संगणकाच्या ताब्यात द्यावे. नाही तर मध्ये पुन्हा एक दुभाष्या येतो. डिस्क वाचताना अडखळली, तर ती किती वेळ धडपडते हेही पाहावे. गटासाठी बनविलेल्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून तसे कळवितात, आणि खरा मजकूर दुसरीकडून काढता येतो. घरगुती डिस्क बराच वेळ गप्प राहते; लिनक्स मात्र सामान्यतः तीस सेकंदांनी तिला मृत समजू लागतो. डिस्क मर्यादा लावून घेत असेल, तर ती सात सेकंदांवर ठेवावी. घेत नसेल, तर लिनक्सचा धीर वाढवावा.

गट करताना डिस्कांची नावे सिस्टीमने सुरू होताना दिलेल्या अक्षरांवरून घेऊ नयेत. ती पुढच्या वेळी बदलू शकतात. डिस्कच्या कायमच्या अनुक्रमांकावरून घ्यावीत, आणि तोच अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूस चिकटवावा. मध्यरात्री एक डिस्क गेली असता घाईने भलतीच चांगली डिस्क उपटली जाते, तेव्हा या चिठ्ठीची किंमत कळते. वाचनालयाने चार टेराबाइटच्या आठ डिस्कांचा दुहेरी बेरजेचा, म्हणजे रेड-झेड-टू पद्धतीचा गट केला, तर सुमारे चोवीस टेराबाइट जागा हाती येते आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी एक पानही हरवत नाही.

खरा मजकूर चढविण्यापूर्वी एक रंगीत तालीम अवश्य करावी. थोडा कामचलाऊ मजकूर भरावा, संगणक बंद करून एका डिस्कची केबल काढावी आणि पुन्हा सुरू करावा. व्यवस्था तक्रार करते काय, ती तक्रार चालकाच्या टपालात पोचते काय, आणि दुसरी डिस्क घालून गट पुन्हा पूर्ण होतो काय, हे शांतपणे पाहावे. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा सर्व डिस्कांची झडती, जिला स्क्रब म्हणतात, ती ठरलेल्या दिवशी आपोआप होईल अशी व्यवस्था करावी. या झडतीत प्रत्येक तुकडा वाचून त्याचा पडताळा घेतला जातो, आणि वर्षानुवर्षे न उघडलेल्या पानातील बिघाडही वेळीच दुरुस्त होतो.

एवढे सारे करूनही एक गोष्ट उरतेच. डिस्कांचा गट डिस्क बंद पडण्यापासून वाचवितो. आगीपासून, पुरापासून, चोरीपासून किंवा चुकीने दिलेल्या ‘पुसून टाक’ या आज्ञेपासून वाचवीत नाही. ती आज्ञा तो गट आठही डिस्कांवर इमानाने पाळतो. म्हणून संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी असलीच पाहिजे. कार्डाची निवड ही तिची जागा घेऊ शकत नाही.

कार्ड निवडण्याचे सारे नियम एका वाक्यात सांगायचे, तर ते असे : ज्याने हिशेब ठेवायचा त्याला प्रत्येक पोते स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे, आणि मधल्या माणसाने पोती मोजू नयेत, फक्त उचलावीत. बाजारात अधिक हुशार कार्ड अधिक चांगले म्हणून विकले जाते. परंतु कोठावळा शहाणा असेल, तेव्हा हमालाच्या अंगी हवा तो प्रामाणिकपणा. त्याची हुशारी तेथे अडचणच ठरते.